‘पॅरासाइट’च्या पायऱ्या

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. थोड्याच दिवसांत सोल शहरातल्या एका जुन्या किराणा दुकानासमोर परदेशी पाहुणे मोबाइल उंचावून उभे राहू लागले. महापालिकेनेही ही संधी साधली आणि चित्रीकरणाच्या ठिकाणांची एक सहलच आखून दिली. त्यात किराणा दुकान होतं, त्याच्या शेजारच्या पायऱ्या होत्या, एका बोगद्यालगतचा जिना होता आणि पिझ्झाचं एक छोटं दुकान होतं. कोरियन चित्रपट-मालिकांचं वेड आपल्याकडेही चांगलंच रुजलं आहे. त्यामुळे सोलला जाणाऱ्या हौशी प्रवाशांच्या यादीत आता राजवाड्यांच्या जोडीने हीही नावं असतात.

ही सगळी ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. प्रत्येक ठिकाणी फोटो काढून परत येता येतं आणि बहुतेक जण तेच करतात. पण ती नकाशावर मांडली, त्यांच्यामधले चढ-उतार लक्षात घेतले, तर चित्रपटाहून बरीच जुनी एक हकीकत समोर येते. सोलमध्ये लाखो माणसं जमिनीच्या पोटात राहायला का गेली, याची ती हकीकत आहे आणि तिची सुरुवात या सहलीतल्याच एका ठिकाणी झालेली आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. चौघांचं किम कुटुंब एका अर्ध्या तळघरात राहतं. कुणालाच धड नोकरी नाही. मुलगा की-वू विद्यापीठाची खोटी कागदपत्रं दाखवून श्रीमंत पार्क कुटुंबातल्या मुलीची इंग्रजीची शिकवणी मिळवतो. मग त्याची बहीण चित्रकलेची शिक्षिका म्हणून, वडील ड्रायव्हर म्हणून आणि आई घर सांभाळणारी बाई म्हणून, असे एकेक करून सगळे त्या बंगल्यात शिरतात. आपलं एकमेकांशी नातं आहे हे मात्र कुणीही कळू देत नाही. इथपर्यंत चित्रपट हसवतो. मग एका पावसाळी रात्री दाराची घंटा वाजते आणि त्याचा थरारपट होतो. त्या बंगल्याखाली काय आहे याचा उल्लेख पुढे येणार आहे. ज्यांना तो धक्का पडद्यावरच हवा असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा.

जी घरं सोलमध्ये नाहीत

सोलला जाणाऱ्यांची पहिली निराशा आधीच सांगून टाकलेली बरी. पार्कांचा बंगला शोधू नका, कारण तो नाही. किमांचं तळघरही नाही. चित्रपटाचा सर्वाधिक भाग ज्या दोन घरांत घडतो ती दोन्ही घरं २०१८ मध्ये चित्रीकरणासाठी उभारली होती आणि काम संपल्यावर पाडून टाकली गेली.

बंगल्याचा तळमजला आणि त्याची हिरवळ जॉनजू या शहरातल्या मोकळ्या जागेवर उभारली होती. जॉनजू सोलच्या दक्षिणेला, रेल्वेने दोनेक तासांच्या अंतरावर आहे. वरच्या मजल्याची आणि तळघराची दृश्यं स्टुडिओतल्या वेगळ्या सेटवर घेतली आणि बाहेरून दिसणारा वरचा मजला संगणकाच्या मदतीने जोडला. नामगूंग नावाच्या थोर वास्तुरचनाकाराने हे घर स्वतःसाठी बांधलं, असं चित्रपटात सांगितलं जातं. तो वास्तुरचनाकारही काल्पनिक. हे घर प्रत्यक्षात कलादिग्दर्शक ली हा-जून यांनी रचलं. कोण कुठे उभं राहील, कोण कुणाला चोरून पाहील, कोण कुठे लपेल हे दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्या डोक्यात आधीच पक्कं होतं. त्या हालचालींना सोयीचं घर ली यांना बसवायचं होतं. जागा निवडताना त्यांनी सूर्य कुठून कुठे सरकतो हेही पाहिलं होतं. दिवाणखान्यातली ती भलीमोठी काच आणि तिच्यातून आत येणारं ऊन हे त्या कुटुंबाच्या श्रीमंतीचं एक मापच आहे.

किमांचं घर आणि त्याची सगळी गल्ली सोलला लागून असलेल्या गोयांग शहरात उभी राहिली. तिथे जुन्या जलशुद्धीकरण केंद्राचं रूपांतर पाण्यातल्या चित्रीकरणाच्या स्टुडिओत केलेलं आहे. त्याच्या एका टाकीत ही गल्ली बांधली होती. विजेच्या तारा, खिडक्यांचे गज, कचऱ्याचे ढीग आणि शेजाऱ्यांची घरं असं सगळं तिथे होतं. टाकी निवडण्याचं कारण उघड आहे: पुराच्या प्रसंगात ही गल्ली बुडवायची होती. ऑस्करनंतर गोयांग महापालिकेने हा सेट पुन्हा उभारून पर्यटकांना दाखवण्याचा बेत जाहीर केला होता. बुडालेली गरीब वस्ती प्रेक्षणीय स्थळ म्हणून पुन्हा बांधायची, यातली विसंगती अनेकांना खटकली.

तेव्हा घरं सोडून द्यायची. सोलमध्ये खरोखर सापडतात ते रस्ते, दुकानं आणि पायऱ्या. बाँग आणि त्यांचे सहकारी या चित्रपटाला आपसांत ‘जिन्यांचा चित्रपट’ म्हणत. किम की-यंग यांचा १९६० चा ‘द हाउसमेड’ हा कोरियन अभिजात चित्रपट बाँग यांना अतिशय प्रिय आहे आणि त्यातही घरातला जिना हे जवळपास एक पात्रच आहे. त्यामुळे पायऱ्यांच्या मागे जाणारा माणूस चित्रपटाच्या गाभ्याकडेच जातो.

अह्यन-दोंगचं दुकान

मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर अह्यन नावाचं स्थानक आहे. तिथून चालत गेलं की अह्यन-दोंगच्या जुन्या वस्तीत सोन की-जंग मार्गावर ‘द्वेजीसल सुपर’ हे दुकान लागतं. नावात सुपरमार्केट असलं तरी आकार आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाएवढाच. एक वृद्ध जोडपं गेली कित्येक दशकं ते चालवत आलं. चित्रपटात त्याची पाटी बदलून ‘उरी सुपर’ अशी केली होती. याच दुकानासमोर छत्रीखालच्या टेबलाशी बसून की-वूचा सुखवस्तू मित्र त्याला सोजू ही कोरियन दारू पाजतो आणि आपण परदेशी जातोय, माझी शिकवणी तू घे, असं सुचवतो. पुढचं सगळं रामायण त्या एका संभाषणातून घडतं.

शिकवणीचा हा धागा बाँग यांच्या आयुष्यातला आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी एका श्रीमंत घरातल्या मुलाला शिकवलं होतं. ते काम त्यांना त्या वेळच्या मैत्रिणीमुळे, म्हणजे आताच्या पत्नीमुळे मिळालं होतं. परक्यांच्या घरात असं आतवर जायला मिळणं, त्यांच्या खोल्या आणि सवयी पाहायला मिळणं हे काहीसं चोरून डोकावण्यासारखं वाटलं होतं, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे.

दुकानाला लागूनच टेकडीवर चढत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की दाटीवाटीची विटांची दोन-तीन मजली घरं लागतात. त्यांच्या तळाशी, रस्त्याच्या पातळीला, गज लावलेल्या आडव्या खिडक्या दिसतात. त्याच टेकडीवरून मान वळवली की नव्या, उंच, एकसारख्या अपार्टमेंटच्या रांगा दिसतात. या भागाचा पुनर्विकास टप्प्याटप्प्याने चालू आहे. एक तुकडा पडतो, त्याजागी मनोरे उभे राहतात आणि उरलेला जुना तुकडा आपली पाळी येण्याची वाट पाहतो. ज्या मार्गावर हे दुकान आहे त्याला सोन की-जंग या धावपटूचं नाव दिलं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन जिंकली, पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना जपानचा झेंडा छातीवर लावून धावावं लागलं होतं. दुसऱ्याच्या ओळखीवर जगावं लागणाऱ्या कुटुंबाची कथा याच रस्त्यावर सुरू व्हावी, हा योगायोगच म्हणायचा.

नोर्यांगजिन: खोक्यांच्या घड्या

चित्रपटाच्या सुरुवातीला किम कुटुंब पिझ्झाची खोकी घडी घालण्याचं काम घेतं आणि त्यातही पैसे कापले जातात. खोकी देणाऱ्या त्या दुकानाचं चित्रपटातलं नाव ‘पिझ्झा जेनरेशन’. प्रत्यक्षातलं दुकान म्हणजे हान नदीच्या दक्षिणेला, नोर्यांगजिन भागातलं ‘स्काय पिझ्झा’. चित्रपट गाजल्यावर दुकानाच्या भिंतीवर बाँग आणि कलाकारांच्या आठवणी झळकल्या आणि मूळच्या स्थानिक गिऱ्हाइकात परदेशी पाहुण्यांची भर पडली.

नोर्यांगजिनला केवळ पिझ्झासाठी जाऊ नये. इथला मासळीबाजार प्रसिद्ध आहेच, पण कोरियन तरुणांना हे नाव आठवतं ते स्पर्धा परीक्षांमुळे. सरकारी नोकरीच्या आणि शिक्षक-भरतीच्या परीक्षांचे शिकवणी वर्ग, अभ्यासिका, हातपाय पसरता येणार नाहीत एवढ्या भाड्याच्या खोल्या आणि कागदी वाटीत मिळणारा स्वस्त भात यांनी हा भाग भरलेला आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नोर्यांगजिन समजावून सांगावं लागणार नाही. चित्रपटातला की-वू विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला चारदा बसून घरी बसलेला मुलगा आहे. त्याच्याकडे ज्ञान आहे, शिकवण्याचं कसब आहे, कमी आहे ती कागदाची. कागद खोटा तयार होतो आणि काम लगेच मिळतं. नोर्यांगजिनच्या गल्ल्यांतून फिरल्यावर हा विनोद किती बोचरा आहे ते कळतं.

सोंगबुक-दोंगच्या भिंती

आता नदी ओलांडून उत्तरेला यायचं. मेट्रोच्या चार नंबरच्या मार्गावरच्या हानसोंग विद्यापीठ स्थानकावर उतरून बस धरली की ती सोंगबुक-दोंगच्या चढणीला लागते. शिकवणीच्या पहिल्या दिवशी की-वू जो रस्ता चढून जातो तो इथला. उद्योगपतींची घरं आणि परदेशी राजदूतांची निवासस्थानं यांसाठी हा भाग ओळखला जातो.

इथे पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर भिंती असं उत्तर द्यावं लागेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी, उंच, सलग भिंती. त्यांच्यावरून झाडांचे शेंडे डोकावतात, एखाद्या छपराची कड दिसते, बाकी काही नाही. फुटपाथवर माणसं नाहीत, दुकानं नाहीत. अह्यन-दोंगमध्ये रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला खाली वाकून एखाद्याचं स्वयंपाकघर दिसू शकतं. इथे टाचा उंचावूनही अंगण दिसत नाही. कुणाला पाहता येतं आणि कुणाला पाहता येत नाही, यावरून घराचा दर्जा ठरतो, हे या दोन ठिकाणांच्या फरकातून लख्ख कळतं.

पण सोंगबुक-दोंग म्हणजे फक्त श्रीमंती, असंही नाही. दरीच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या तटबंदीच्या आधाराने, बुकजंग नावाची गरीब वस्ती आहे. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर निर्वासित आणि खेड्यांतून आलेले लोक सोलच्या टेकड्यांवर मिळेल तिथे झोपड्या बांधून राहिले. चंद्राच्या जवळ म्हणून अशा वस्त्यांना कोरियनमध्ये ‘चंद्रवस्ती’ म्हणतात. बुकजंग त्यातलीच एक. तिच्याजवळच कवी आणि बौद्ध भिक्खू हान यंग-उन यांचं घर जपून ठेवलेलं आहे. कोरियात घर दक्षिणेला तोंड करून बांधतात, म्हणजे हिवाळ्यात ऊन मिळतं. हान यांनी १९३३ मध्ये आपलं घर मुद्दाम उत्तरेकडे तोंड करून बांधलं, कारण दक्षिणेला जपानी गव्हर्नर जनरलचं कार्यालय होतं आणि त्यांना त्याचं तोंड पाहायचं नव्हतं. रवींद्रनाथ टागोरांच्या कवितेला उत्तर देणारी कविता लिहिणारे हेच ते हान. उन्हाची किंमत सगळ्यांनाच ठाऊक होती, ते स्वेच्छेने सोडणारे मात्र थोडे.

जाहामुनचा जिना

बंगल्यातून निसटलेले वडील, मुलगा आणि मुलगी मुसळधार पावसात घराकडे पळत सुटतात, तो या चित्रपटातला सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग. काही मिनिटं ते फक्त खाली उतरत राहतात. उतारावरून, पायऱ्यांवरून, बोगद्यातून, पुन्हा पायऱ्यांवरून. पाणीही त्यांच्याबरोबर खाली धावत असतं. पडद्यावर हा एकच सलग रस्ता वाटतो. प्रत्यक्षात तो शहराच्या निरनिराळ्या भागांतले उतार आणि जिने जोडून तयार केलेला आहे, आणि त्याचं शेवटचं टोक गोयांगच्या टाकीत आहे. एवढ्या पायऱ्या सलग उतरता येतील असा रस्ता सोलमध्ये शोधू नये.

या जोडकामातला ओळखू येणारा तुकडा म्हणजे जाहामुन बोगद्यालगतचा जिना. मेट्रोच्या तीन नंबरच्या मार्गावर ग्यंगबोक राजवाड्याचं स्थानक आहे. तिथून बसने उत्तरेला गेलं की बोगदा लागतो. बोगद्याच्या भिंतीला बिलगून लांबलचक काँक्रीटचा जिना उतरतो. दिवसा त्यात काहीच विशेष नाही. शाळकरी मुलं आणि पिशव्या घेतलेल्या आजीबाई त्यावरून ये-जा करतात. पर्यटक त्याच्या तळाशी उभे राहून वर पाहत फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात.

त्यांनी तसं निघू नये. बोगदा ज्या खिंडीखालून जातो तिच्या माथ्यावर चांगुइमुन नावाचा वेशीचा दरवाजा आहे. त्यालाच लोक जाहामुन म्हणतात आणि बोगद्याला नाव त्याच्यावरूनच पडलं. १३९६ मध्ये जोसन राजवटीने राजधानीभोवती तटबंदी बांधली, तिचा हा वायव्येकडचा दरवाजा. त्याच्या एका अंगाला बुगाक पर्वत, दुसऱ्या अंगाला इन्वांग पर्वत. आणि दरवाजापासून थोड्या अंतरावर एका पोलीस अधिकाऱ्याचा पुतळा आहे. ‘पॅरासाइट’ समजून घ्यायचा असेल तर या पुतळ्यासमोर पाच मिनिटं काढायला हवीत.

२१ जानेवारी १९६८

त्या रात्री उत्तर कोरियाचे ३१ कमांडो दक्षिण कोरियाच्या सैनिकांचा गणवेश घालून या खिंडीपर्यंत येऊन पोचले होते. त्यांचं लक्ष्य होतं डोंगरापलीकडचं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, म्हणजे ब्लू हाउस, आणि त्यात राहणारे पार्क चुंग-ही. काहीशे मीटरच उरले असताना जोंगनो पोलीस ठाण्याचे प्रमुख चोई ग्यू-शिक यांनी त्यांना अडवून चौकशी केली. गोळीबार सुरू झाला आणि चोई जागीच ठार झाले. पुतळा त्यांचा आहे. पुढचे काही दिवस डोंगरांतून पाठलाग चालला. बहुतेक कमांडो मारले गेले आणि एक जिवंत हाती लागला. बुगाकच्या पायवाटेवर गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन उभा असलेला एक पाइन वृक्ष आजही दाखवतात. तो डोंगर पुढची कित्येक दशकं सामान्य लोकांना बंद होता. २००७ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला.

या हल्ल्याने देश हादरला. प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र क्रमांक देण्याची पद्धत त्यानंतर आली. आणि १९७० मध्ये इमारतींच्या कायद्यात बदल झाला: नव्याने बांधायच्या कमी उंचीच्या निवासी इमारतींना तळघर असलं पाहिजे. युद्ध पेटलं तर रहिवाशांना आसरा मिळावा, हा हेतू. या तळघरांत कुणी राहावं अशी कल्पना नव्हती आणि ती भाड्याने देणंही नियमात बसत नव्हतं.

पण शहर थांबायला तयार नव्हतं. १९६० मध्ये सोलची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती. १९९० पर्यंत ती एक कोटीच्या वर गेली. कारखान्यांत, बांधकामांवर, बाजारांत काम करायला आलेल्या माणसांना छप्पर हवं होतं आणि घरमालकांकडे रिकामी तळघरं पडून होती. भाडेकरू चोरून राहू लागले. १९८० च्या दशकात घरांची टंचाई इतकी वाढली की सरकारने नियम सैल करून हे राहणं मान्य केलं. उजेड-वारा यावा म्हणून तळघराचा अर्धा भाग जमिनीच्या वर काढण्याची मुभा मिळाली. असं तयार झालं ते ‘बानजिहा’, म्हणजे अर्धं तळघर.

चित्रपटातले तपशील आता नीट लागतात. खिडकी छताला लागून का आहे? कारण तेवढाच भाग जमिनीच्या वर आहे. कमोड एवढ्या उंच चौथऱ्यावर का ठेवलं आहे, जिथे भाऊ-बहीण बसून शेजाऱ्याचं वायफाय शोधतात? कारण घराची फरशी सांडपाण्याच्या वाहिनीच्या खाली असते, कमोड खाली ठेवलं तर मैला उलटा घरात येईल. पुराच्या रात्री तेच होतं. आणि अंगाला चिकटलेला तो वास, ज्यावरून पार्कसाहेब नाक मुरडतात, तो कोंदट भिंतींचा, न वाळणाऱ्या कपड्यांचा आणि बुरशीचा आहे. तो साबणाने जात नाही, कारण तो घरातून येतो.

आता पार्कांच्या बंगल्याकडे वळू. त्याच्या खाली एक गुप्त तळघर आहे आणि नव्या मालकांना त्याचा पत्ताच नाही. उत्तर कोरियाने हल्ला केला तर लपता यावं म्हणून किंवा सावकार दारात आले तर निसटता यावं म्हणून श्रीमंतांच्या अनेक घरांत अशी तळघरं असतात, असं घर सांभाळणारी जुनी बाई सांगते. म्हणजे किमांचं घर आणि पार्कांच्या घराखालची ती अंधारी खोली या एकाच भीतीच्या दोन बाजू आहेत. ज्या भीतीने श्रीमंतांनी स्वतःसाठी लपायची जागा खणली, तिनेच गरिबांसाठी घरं तयार केली. आणि ती भीती जिथे प्रत्यक्ष बंदूक घेऊन उभी राहिली, त्या खिंडीखालच्या जिन्यावरून बाँग यांनी आपल्या कुटुंबाला पावसात पळवलं. ही जागा त्यांनी इतिहास ध्यानात घेऊन निवडली, असं मी म्हणणार नाही. जिना लांब आहे, पडद्यावर छान दिसतो, एवढं कारण पुरेसं आहे. पण प्रेक्षकाने दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला काहीच हरकत नाही.

पडद्याबाहेरचा पूर

ऑस्करनंतर सहलींची आखणी झाली तेव्हाच विरोधाचे सूरही उमटले. गरिबीचं पर्यटन करताय का, असा सवाल तिथल्या राजकारण्यांनी आणि रहिवाशांनी केला. अह्यन-दोंगच्या लोकांची तक्रार साधी होती: आमची घरं दाखवायची वस्तू कधी झाली? त्याच सुमारास सोल महापालिकेने अर्ध्या तळघरांतल्या १,५०० कुटुंबांना दुरुस्तीसाठी मदत जाहीर केली. शहरात अशी घरं होती सुमारे दोन लाख.

८ ऑगस्ट २०२२ च्या रात्री सोलमध्ये शतकभरातला सर्वांत मोठा पाऊस झाला. दोंगजाक विभागात एका तासात १४१ मिलिमीटरहून अधिक पाणी पडलं. स्काय पिझ्झाचं नोर्यांगजिन याच विभागात येतं. शेजारच्या ग्वानाक विभागातल्या शिल्लिम-दोंगमध्ये एका अर्ध्या तळघरात दोन बहिणी आणि त्यातल्या एकीची १३ वर्षांची मुलगी अडकल्या. पाण्याच्या दाबाने दार उघडेना, खिडकीला गज होते. तिघींचा मृत्यू झाला. दोंगजाक विभागातही अशाच एका घरात एक महिला बुडून मेली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ‘पॅरासाइट’ची आठवण काढली, पण चित्रपटातलं कुटुंब त्या रात्री वाचतं, एवढा फरक होता.

त्यानंतर सोल महापालिकेने जाहीर केलं की जमिनीखाली राहण्यासाठी यापुढे परवानगी मिळणार नाही आणि असलेली घरं १० ते २० वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद केली जातील. पूरप्रवण भागात अशा घरांना परवानगी नाकारण्याचा अधिकार २०१२ मध्येच कायद्याने दिला होता, तरी ती बांधली जात राहिली. आता रहिवाशांचा प्रश्न वेगळा आहे: ही घरं बंद झाली तर एवढ्या भाड्यात आम्ही जायचं कुठे? कामाच्या ठिकाणाजवळ, शहराच्या मध्यात, परवडेल असं दुसरं काही नाही, म्हणून तर लोक तिथे राहतात.

जायचं असेल तर

भारतीयांना कोरियासाठी व्हिसा लागतो. सोलमध्ये उतरल्यावर ‘टी-मनी’ कार्ड घ्यावं, मेट्रो आणि बस दोन्हींत चालतं. पायी रस्ता शोधायला गूगलचा नकाशा तिथे फारसा कामाचा नाही, ‘नेव्हर’ किंवा ‘काकाओ’चा नकाशा मोबाइलवर घ्यावा. जूनअखेर ते जुलैअखेर तिथला पावसाळा असतो. त्या काळात गेल्यास पायऱ्या निसरड्या असतात.

क्रम माझ्या मते उलटा धरावा. बहुतेक सहली अह्यन-दोंगच्या दुकानापासून सुरू होतात. त्याऐवजी सकाळी सोंगबुक-दोंगच्या भिंतींपासून सुरुवात करावी, बुकजंगची वस्ती आणि हान यांचं घर पाहावं, मग चांगुइमुन दरवाजा आणि चोई यांचा पुतळा पाहून जाहामुनचा जिना स्वतः उतरावा. तिथून अह्यन-दोंगला यावं आणि शेवटी नदी ओलांडून नोर्यांगजिनला पिझ्झा खावा. चित्रपटातला उतार पायांना कळायचा असेल तर वरून खालीच यायला हवं.

वागण्याचे नियम फार नाहीत. किराणा दुकानासमोर फोटो काढायचा तर आधी आत जाऊन काहीतरी विकत घ्यावं, ते दुकान आहे, स्मारक नव्हे. रहिवाशांचे चेहरे टिपू नयेत. गल्लीत आवाज कमी ठेवावा, कारण भिंतीपलीकडे कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असू शकतं. आणि एक नियम काटेकोर पाळावा: रस्त्याच्या पातळीवरच्या गजांच्या खिडक्यांत वाकून पाहू नये, कॅमेरा तर मुळीच खाली नेऊ नये. किमांच्या खिडकीबाहेर रस्त्यावर कोण येऊन उभे राहायचे आणि काय करायचे, हे चित्रपट पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. सोलला जाऊन आपण त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही.